‘इन’ लागलं म्हणजे अर्थ उलटा? थांबा जरा!

लोकलच्या गर्दीत ज्यांना आजचा भाग नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर.

माझी पहिली नोकरी तारापूर एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये. नाव सांगत नाही. मी मराठी माध्यमातला. शाळेत एक नियम पाठ केलेला: शब्दाआधी ‘इन’ लागलं की अर्थ उलटा. करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल. एक दिवस सॉल्व्हंटचे ड्रम आले. वर लिहिलेलं, ‘इन्फ्लेमेबल’. मी म्हटलं, फ्लेम म्हणजे ज्वाळा, ‘इन’ म्हणजे नाही. म्हणजे हे पेटत नाही! वेल्डिंग सुरू होणार होतं, त्याच्या शेजारीच मी दोन ड्रम लावले.

फोरमनकाका धावत आले. “अरे, सगळ्यांना जाळतोस काय?”

इन्फ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारं. फ्लेमेबल म्हणजेही तेच! न पेटणारं असेल तर ‘नॉन-फ्लेमेबल’.

असं का? कारण इंग्रजीत लॅटिनमधून दोन वेगवेगळे ‘इन’ आलेत. दिसायला जुळे, पण नातं काही नाही. पहिला ‘इन’ नकाराचा. तो आपल्या ‘अ’ आणि ‘अन्’चा लांबचा भाऊ: इनफिनिट म्हणजे अनंत. दुसरा ‘इन’ म्हणजे आत किंवा वर: इंजेक्शन, इन्हेलर. लॅटिनमध्ये ‘इन्फ्लमारे’ म्हणजे पेटवणं. आपला ड्रमवरचा शब्द तिथून आला. डॉक्टर ‘इन्फ्लेमेशन’ म्हणतात ना, सूज येऊन आग होते ते? तेही याच घरातलं. हे लक्षात ठेवलं तर ड्रमवरचा शब्द कधी चुकणार नाही.

हा घोळ फक्त आपलाच नाही बरं का. ज्यांची भाषाच इंग्रजी, तेही फसायचे. म्हणून १९२० च्या दशकापासून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं ‘इन’ काढून नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहा, असा आग्रह धरला. तरी जुना शब्द टँकरांच्या पाठीवर अजून दिसतो. त्यामुळे शब्दासोबत चिन्हही बघा: लाल चौकट, त्यात ज्योत आणि खाली ३ आकडा, म्हणजे पेट घेणारा द्रव.

आणि इंग्रजीला हसू नका हं. आपला ‘वि’ बघा. विज्ञान म्हणजे विशेष ज्ञान, पण विफल म्हणजे फळ नसलेलं. विख्यात माणूस प्रसिद्ध असतो, विसंगत बोलणं जुळत नाही. आपण चुकत नाही, कारण आपण ‘वि’ सुटा वाचत नाही, अख्खा शब्द ओळखतो. इंग्रजीतही तेच करायचं.

जाता जाता आपल्या गावाचा एक शब्द. ‘ॲटम’. ग्रीकमध्ये ‘अ’ म्हणजे नाही आणि ‘टोमोस’ म्हणजे कापलेलं. न कापता येणारा तो ॲटम! आणि तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९ पासून तोच फोडून वीज काढतात. म्हणजे नावावर जाऊ नका, हे आपल्या गावाला तर केव्हाचं माहीत आहे.

तुमच्या कंपनीतल्या ड्रमवर न कळणारा शब्द दिसला, तर अंदाज लावू नका. विचारा. विचारताना लाज वाटली तरी चालेल. मला त्या दिवशी न विचारल्याची जास्त वाटली.

भेटू पुढच्या भागात!