मधुमेहींची पादत्राणे व आरोग्यविमा

खेड, मावळ व हवेली तालुक्यांतील पुष्कळ शेतकरी कुटुंबांत घरचा एक मुलगा शेती पाहतो, तर दुसरा चाकण वा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात नोकरीस असतो. अशा घरातील वडीलधाऱ्या माणसास मधुमेह असल्यास त्याच्या पादत्राणांचा खर्च मुलाच्या विम्यातून मिळू शकेल काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मधुमेह जुना झाला म्हणजे पायांची संवेदना कमी होते व रक्ताभिसरणही मंदावते. बाभळीचा काटा रुतला किंवा वहाणेने कातडी सोलली, तरी ते कळत नाही. जखम चिघळते आणि अखेर बोट वा पाऊल कापण्याचा प्रसंग येतो. म्हणून अशा रुग्णांस पुढे रुंद, आत खिळे वा टोचणारी शिवण नसलेली व मऊ तळाची पादत्राणे वैद्य सुचवितात.

खासगी विम्याच्या पॉलिसीस शेवटी वगळलेल्या खर्चांची यादी जोडलेली असते. तीत मधुमेहींच्या पादत्राणांचा उल्लेख बहुधा आढळतो. म्हणजे बोट कापण्याचा खर्च मिळतो, पण ते वाचविणाऱ्या वहाणेचा मिळत नाही! अमेरिकेत वृद्धांच्या मेडिकेअर विम्याने 1993 पासून, पायास गंभीर धोका असलेल्या मधुमेहींस, वैद्याच्या दाखल्यावर वर्षाकाठी एक जोड मान्य केला आहे.

तथापि आपल्याकडील ही यादी ऐच्छिक बाबींची आहे. जादा हप्ता घेऊन कंपनी त्या देऊ शकते. मात्र असे जादा संरक्षण पुष्कळदा रुग्णालयात दाखल असतानाच्या खर्चापुरते असते. यास्तव नूतनीकरणापूर्वी, घरी वापरावयाच्या पादत्राणांचा खर्च मिळेल काय, हे कंपनीस लेखी विचारावे. कारखान्याची सामुदायिक पॉलिसी असल्यास, ही बाब तीत घालण्याची मागणी कामगारांनी संघटनेमार्फत करावी.

कर्मचारी राज्य विमा योजनेत 2017 पासून मासिक 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणारे कामगार येतात व त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांसही उपचार मिळतात. या योजनेचे रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरात आहे. अशांनी आधी जोड विकत घेऊन मागाहून पावती पुढे करू नये. प्रथम तेथील वैद्याची लेखी शिफारस घेऊन मागणी करावी.

विम्याचा निर्णय होईतो अनवाणी शेतात जाऊ नये, वहाण घालण्यापूर्वी ती झटकावी व रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळपाय पाहावेत, अशी आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे.