बाहेर सरकणारी खोली

टेबलाचा खण एकाच कोपऱ्याला धरून ओढा. अडकला ना? अमेरिकेत मोटारीला जोडून न्यायची चाकांवरची घरे असतात. मुक्कामी त्यांची एक खोली खणासारखी बाहेर सरकते. मोटर दातेरी चाक फिरवते आणि चाक दातेरी पट्टीला ढकलते. दोन्ही टोके सारखी सरकली नाहीत, तर खोली तिरपी होऊन अडकते.

खोलीबरोबर गुरुत्वमध्यही सरकतो. भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. धानाची पोती एकीकडे लादली की बंडी कलतेच! म्हणून घर आधी समतल उभे करतात. 

आत घेण्यापूर्वी छपरावरचा पाला झाडावा. तो रबरी पट्टीखाली अडकला, तर फटीतून पाणी झिरपते आणि लाकडी तळ गुपचूप कुजतो.