ताकद त्याची, डाव आपला!

जत्रेतली कुस्ती पाहिलीय ना, दोस्तांनो? आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत जत्रेला कुस्त्यांचा फड रंगतो. हलगी कडाडत असते. लाल मातीत एक गडी थोराड, दुसरा शेलाटा. थोराड गडी मुसंडी मारतो आणि पाहता पाहता तोच चितपट! ही जादू नव्हे, हे विज्ञान आहे.

जरा गणित करू. 60 किलो वजनाचा गडी सेकंदाला 2 मीटर वेगानं अंगावर येतोय. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तो झाला 120. त्याला अर्ध्या सेकंदात जागीच थोपवायचं तर सरासरी 240 न्यूटन बल हवं. पण नुसती त्याची दिशा 30 अंशांनी वळवायची असेल, तर तेवढ्याच वेळात साधारण 125 न्यूटन पुरे. जवळजवळ निम्मीच ताकद!

मग तो पडतो कसा? उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो. तिथून सोडलेला ओळंबा पावलांच्या घेऱ्यात पडतो, तोवर तोल टिकतो. घेऱ्याबाहेर गेला की संपलं! करून बघा : टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून उभे राहा. गुडघे न वाकवता समोरचा रुमाल उचला. जमत नाही ना? कंबर मागं न्यायला भिंत जागाच देत नाही.

धोबीपछाड डावात हेच घडतं. येणाऱ्याचा हात धरून पुढं ओढायचा, झटकन वळून आपली कंबर त्याच्या पोटाखाली घालायची. कंबर झाली टेकू, त्याचं अंग झालं तरफ. उरलेलं काम गुरुत्वाकर्षण करतं.

साताऱ्याकडच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव असेच चपळ. त्यांचा ढाक डाव नावाजलेला. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

चीनमधल्या ताई-चीत आणि जपानी ज्यूदोतही हेच तत्त्व आहे : जोराला जोरानं भिडू नका, त्याला वाट द्या आणि वळवा.

तेव्हा अंगानं बारीक असाल तर खट्टू होऊ नका. पण शाळेच्या फरशीवर मित्राला उचलून आपटू नका हं! मानेला, मणक्याला कायमची इजा होऊ शकते. डाव शिकायचे ते तालमीत, भुसभुशीत मातीवर आणि वस्तादांच्या नजरेखालीच.