सहा सेकंदांचा मुखवटा

२२ एप्रिल १९१५. बेल्जियममधल्या ईप्र या गावाजवळची संध्याकाळ. पाचच्या सुमारास जर्मन खंदकांच्या बाजूने हिरवट-पिवळ्या धुक्याची एक भिंत उठली आणि वाऱ्याबरोबर हळूहळू पुढे सरकू लागली. समोरच्या खंदकांत फ्रेंच आणि अल्जीरियन सैनिक होते. हे धूर सोडून चढाई करण्याचे नेहमीचे तंत्र असावे, असेच त्यांना वाटले. धुके खंदकात उतरले, तेव्हा माणसे गळा धरून कोसळू लागली. पाच हजारांहून अधिक नळकांड्यांतून सोडलेला तो क्लोरीन वायू होता. दीडशे टनांहून अधिक!

वायूच्या युद्धाला खऱ्या अर्थाने त्या दिवशी तोंड फुटले. त्यानंतरची तीन वर्षे ब्रिटिश सैनिकाच्या अंगावर बंदुकीइतकीच महत्त्वाची आणखी एक वस्तू आली. ती म्हणजे विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा. तो कसा बदलत गेला आणि अंगावर कुठे अडकवला जाई, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. तिच्या पहिल्याच प्रकरणात आपली माणसे आहेत.

पागोट्याचा शेव

त्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन ईप्रजवळ चढाईला उतरली. रातोरात लांबची मजल मारून आलेले हे जवान. पुण्याजवळच्या खडकीचे ज्यांचे घर, त्या सॅपर्स पलटणीच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्याही याच डिव्हिजनमध्ये होत्या. दुपारी चढाई सुरू झाली आणि थोड्याच वेळात जर्मनांनी पुन्हा वायू सोडला.

या जवानांजवळ मुखवटा नावाची वस्तूच नव्हती. नाकातोंडावर ओला रुमाल धरा, रुमाल नसेल तर पागोट्याचा शेव भिजवून धरा, एवढीच काय ती सूचना. पाणी नसेल तर स्वतःच्या लघवीनेही फडके भिजवले जाई. किळस वाटावी असाच हा उपाय, पण त्यामागे तथ्य होते. क्लोरीन पाण्यात विरघळतो. त्यामुळे ओल्या फडक्यात त्याचा काही अंश अडकतो आणि कोरड्या फडक्यापेक्षा ते बरे ठरते.

जमादार मीर दस्त यांनी त्याच दिवशी पराक्रम गाजवला. अधिकारी पडले, जवान वायूने घेरले गेले, तरी त्यांनी उरलेल्यांना गोळा करून माघारीचा हुकूम येईपर्यंत खंदक लढवला. मग गोळीबारात जाऊन आठ ब्रिटिश आणि हिंदी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी पोहोचवले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ऑगस्ट १९१५ मध्ये ब्रायटन येथील इस्पितळात खुद्द राजा पंचम जॉर्जने तो दिला. पण वायूने प्रकृतीवर केलेला घाव पदकाने भरून निघणारा नव्हता. ईप्रच्या त्या लढाईत एकट्या लाहोर डिव्हिजनचे जवळजवळ चार हजार जवान मृत, जखमी वा बेपत्ता झाले.

फडके, पिशवी आणि डबा

इंग्लंडमध्ये घरोघरी बायका कापसाच्या घड्या शिवू लागल्या. मे १९१५ मध्ये पहिला सरकारी मुखवटा आला. काळ्या जाळीच्या कापडात कापसाची घडी, आणि ती फोटोग्राफरांच्या हायपोच्या, धुण्याच्या सोड्याच्या व ग्लिसरीनच्या द्रावणात भिजवलेली. घडी नाकातोंडावर बांधायची आणि जाळीचा वरचा भाग डोळ्यांवर ओढून घ्यायचा. ग्लिसरीन कशासाठी? तर कापड लवकर वाळू नये म्हणून.

बांधायला वेळ लागे, आणि धावताना घडी घसरे. न्यूफाउंडलंड पलटणीचे डॉक्टर क्लूनी मॅकफर्सन यांनी मग वेगळीच युक्ती काढली. फ्लॅनेलची अख्खी पिशवीच डोक्यावरून घ्यायची, समोर पाहायला एक छोटी खिडकी, आणि खालची कड कोटाच्या कॉलरमध्ये खोचायची. घसरण्याचा प्रश्नच नाही! पुढे हिच्यात काचेचे दोन गोल डोळे आले आणि श्वास बाहेर सोडायला दातांत धरायची नळी आली. फॉस्जीन या क्लोरीनहूनही घातक वायूसाठी कापडाला नवी रसायने लावण्यात आली. १९ डिसेंबर १९१५ रोजी जर्मनांनी ईप्रजवळ फॉस्जीन सोडला, तेव्हा ब्रिटिश सैनिकांपाशी अशा पिशव्या होत्या.

हिंडताना ही पिशवी खांद्याला अडकवलेल्या छोट्या झोळीत असे. एक फाटली तर दुसरी हाताशी असावी म्हणून प्रत्येकाला दोन दिलेल्या असत. धोका जवळ आला की काही जण ती गुंडाळून टोपीसारखी डोक्यावरच ठेवत, म्हणजे इशारा होताच खाली ओढली की झाले. पण रसायनात भिजलेले ते फ्लॅनेल घामाने चिकट होई, काचा धुरकट होत आणि आत जीव गुदमरे.

उत्तर सापडले एका साध्या कल्पनेत. वायू गाळण्याचे काम तोंडावरच्या कापडाने कशाला करायचे? ते एका डब्याकडे सोपवावे आणि डबा नळीने तोंडाला जोडावा. एडवर्ड हॅरिसन या औषधशास्त्रज्ञाचा या कामात मोठा वाटा. १९१६ च्या आरंभी आलेला पहिला डबा अवजड होता, म्हणून तो तोफखाना आणि मशीनगनवाल्यांनाच मिळाला. त्याच वर्षी लहान डब्याचा सुधारलेला मुखवटा आला आणि १९१७ च्या सुरुवातीला तो सगळ्या सैन्याचा झाला. हॅरिसन यांच्या नशिबी मात्र युद्धाचा शेवट पाहणे नव्हते. नोव्हेंबर १९१८ मध्ये, शस्त्रसंधीला आठवडाभर उरला असताना, न्यूमोनियाने ते गेले.

छातीवरची शबनम

हा लहान डब्याचा मुखवटा एका चौकोनी कापडी पिशवीत असे. आपली शबनम डोळ्यांसमोर आणा, फक्त आत मधोमध एक पडदा. एका कप्प्यात पत्र्याचा डबा आणि दुसऱ्यात रबरी कापडाचा चेहरा, दोहोंना जोडणारी नळी. डब्यात कोळसा आणि चुना-परमँगनेटच्या गोळ्यांचे थर. चेहऱ्याच्या आत नाकाला लावायचा चिमटा आणि दातांत धरायचा रबरी तुकडा. यात दुहेरी तटबंदी होती. चेहऱ्याची कड कुठे सैल राहून वायू आत शिरला, तरी नाक बंद आणि श्वास थेट डब्यातून, त्यामुळे माणूस वाचे.

पिशवी अंगावर घेण्याचे दोन प्रकार होते. आघाडीपासून दूर असताना पट्टा उजव्या खांद्यावर आणि पिशवी डाव्या कमरेशी. शाळकरी मुले दप्तर अडकवतात तशी. आघाडी जवळ आली की पट्टा आखूड करून पिशवी वर छातीवर घ्यायची आणि ती हलू नये म्हणून दोरीने कमरेभोवती बांधायची. झाकण शरीराच्या बाजूला, म्हणजे हात आत घातला की चेहरा लगेच हाती येई. छातीवरच्या पिशवीवरून दुसरी कोणतीही वस्तू अडकवायची नाही, असा दंडक होता. आघाडीवर झोपतानासुद्धा ती छातीवरून हलत नसे.

हा सगळा खटाटोप सहा सेकंदांसाठी. घंटा वाजली किंवा लाकडी खुळखुळा कडकडला की श्वास रोखायचा, टोपी काढायची, हनुवटी आत घालायची, पट्टे डोक्यामागे ओढायचे, चिमटा लावायचा, आणि आत अडकलेली हवा जोराने बाहेर फुंकून मगच श्वास घ्यायचा. सहा सेकंदांत हे जमलेच पाहिजे. त्यासाठी कवायत रोज घ्यायची, डोळे मिटूनही घ्यायची. पिशवी पाठीवर गेली किंवा तंबूत राहिली, तर जगातला सर्वांत उत्तम मुखवटाही कुचकामी!

जुलै १९१७ मध्ये मस्टर्ड वायू आला. तो कातडीवर फोड आणतो, कपड्यांतून झिरपतो आणि जमिनीवर दिवसचे दिवस टिकतो. तिथे नुसता मुखवटा पुरा पडेना. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यात वायूने बाधित झालेल्यांची संख्या १ लाख ८० हजारांच्या वर गेली. मृत्यू मात्र ८ हजारांच्या आसपास राहिले. हे श्रेय पुष्कळसे त्या छातीवरच्या पिशवीचे.

घोडे आणि बंगळुरू

आणि घोड्यांचे काय? बंगळुरूच्या वाचकाला हा प्रश्न पडायला हवा. म्हैसूर लान्सर्सचे स्मारक याच शहरात आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर जिंकणाऱ्या स्वारांत जोधपूरच्या बरोबरीने म्हैसूरचे हे घोडदळ होते. त्या पॅलेस्टाइनच्या मोहिमेतही वायू होताच. एप्रिल १९१७ मध्ये गाझाच्या दुसऱ्या लढाईत ब्रिटिशांनीच वायूचे गोळे वापरले होते.

घोडा तोंडाने श्वास घेत नाही. त्यामुळे त्याचा मुखवटा सोपा होता. नाकपुड्या आणि वरचा जबडा झाकणारी रसायनात भिजवलेली कापडी पिशवी, थेट तोबऱ्यासारखी. डोळे मात्र उघडेच.

बंगळुरूचे युद्धशास्त्राशी आणखीही नाते आहे. हलसूर तलावाकाठच्या मद्रास सॅपर्सच्या छावणीत कॅप्टन मॅक्लिंटॉक यांनी १९१२ मध्ये तारेची कुंपणे उडवणारी स्फोटक नळी बनवली. ‘बंगलोर टॉर्पेडो’ याच नावाने ती जगभर ओळखली जाते. संरक्षण संशोधन संस्थेची श्वसन उपकरणांवर काम करणारी प्रयोगशाळाही आज बंगळुरूतच आहे. लढाऊ वैमानिकांना विमानातच प्राणवायू तयार करून देणारी यंत्रणा तिने विकसित केली.

डबा घरात आला

दुसऱ्या महायुद्धापूर्वी, १९३८ मध्ये, ब्रिटनने नागरिकांनाही कोट्यवधी मुखवटे वाटले. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोरी बांधून ते खांद्याला अडकवायचे. लहानग्यांनी घाबरू नये म्हणून लाल-निळ्या रंगांचे मुखवटे निघाले, त्यांना मिकी माउसचे नाव मिळाले. तान्ह्या बाळाला तर अर्धे अंग मावेल अशा पिशवीत घालायचे आणि आईने भात्याने आत हवा भरत राहायचे. सुदैवाने त्यांच्यावर वायूचा हल्ला कधी झालाच नाही.

त्याच काळात हिंदी जवानांच्या वाट्याला मात्र वेगळे काही आले होते. रावळपिंडी येथे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकापासून दहाहून अधिक वर्षे शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. हिंदी कातडीला किती इजा होते, हे त्यांना पाहायचे होते. काहींना भाजल्याच्या जखमांनी इस्पितळात पडावे लागले. ब्रिटनच्या सरकारी दप्तरातले हे कागद २००७ मध्ये वृत्तपत्रांतून लोकांसमोर आले. १९१५ मध्ये मुखवट्याशिवाय लढलेल्यांच्याच पुढच्या पिढीवर हे प्रयोग झाले, हे विसरता येत नाही.

आज रासायनिक अस्त्रांवर जागतिक बंदी आहे. तो करार एप्रिल १९९७ मध्ये अमलात आला. भारतानेही आपला मस्टर्डचा साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत नष्ट केला. पण वायू काही केवळ रणांगणावर नसतो. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये झोपेतून उठून धावलेल्या हजारो माणसांना, तोंडावर ओले फडके धरा, हेही कोणी वेळेवर सांगितले नाही.

आणि आपल्या घरात? स्वच्छतागृह लखलखीत व्हावे म्हणून ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र ओतले, तर निघतो तो क्लोरीनच. ईप्रचा तोच वायू! या दोन वस्तू कधीही एकत्र वापरू नयेत. चुकून वास आलाच, तर आधी सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो, म्हणून खाली बसू नये आणि मुलांना उचलून घ्यावे. खोकला किंवा दम लागला तर डॉक्टरांकडे जायला वेळ लावू नये. बाटलीवरची सूचना वाचायला सहा सेकंदांहून फार जास्त वेळ लागत नाही. तेवढा वेळ घरातल्या प्रत्येकाने काढलाच पाहिजे.