एकाच छपराखाली दोन औषधं

मणिपुरात एचआयव्ही मुख्यतः सुईवाटे पसरला. म्यानमारच्या सीमेवरून, मोरे या गावामार्गे हेरॉइन सहज येत होतं, सिरिंज मात्र सहज मिळत नव्हती. मग एकच सुई मित्रांच्या घोळक्यात फिरायची. १९८९-९० मध्ये तिथे पहिले बाधित सापडले आणि काही महिन्यांतच सुईने नशा करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना लागण झाल्याचं तपासण्यांतून दिसलं.

आज एचआयव्हीवरची एआरटी औषधं सरकार मोफत देतं. तरी ती घेणं का सुटतं, हे समजायला नशेच्या माणसाची सकाळ कशी असते ते पाहावं लागतं. हेरॉइन उतरलं की नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, हाडं मोडल्यासारखं अंग. मुंबईत गर्दवाले याला ‘टर्की’ म्हणतात. त्या अवस्थेतल्या माणसाला दूरच्या रुग्णालयातल्या रांगेत उभं राहायला सांगून काय उपयोग? त्यातून कुणी ‘आधी व्यसन सोड, मग ये’ असं म्हटलं, की तो पुन्हा फिरकत नाही.

हेरॉइनऐवजी दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी इथे कामी येते. ती जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत नर्ससमोर बसायचं. टर्की टळते, सुईची ओढ मंदावते, दिवस कामधंद्याला मोकळा होतो. ही गोळी घ्यायला माणूस बहुधा रोज येतो, आणि माझ्या मते सगळी गोम याच रोजच्या येण्यात आहे. त्याच टेबलावर एआरटीची गोळी देता येते, क्षयाच्या शंकेने खोकल्याची चौकशी करता येते, सुईच्या जागी झालेलं गळू धुऊन पट्टी बांधता येते. मणिपूर-मिझोराममध्ये वेदनाशामक कॅप्सुलांची पूड पाण्यात कालवून टोचली जायची. त्या जखमा इतक्या चिघळत की हातपाय गमावण्याची वेळ येई. अशा माणसाचा विश्वास बसतो तो आधी पट्टी बांधणाऱ्यावर, उपदेश करणाऱ्यावर नाही.

औषधांचं गणितही सगळे उपचार एकत्र असावेत असंच सांगतं. क्षयावरचं रिफाम्पिसिन ब्युप्रेनॉर्फिनचा अंमल कमी करतं. एका डॉक्टरला दुसऱ्याची चिठ्ठी ठाऊक नसेल, तर रुग्णाला अचानक टर्की लागते आणि तो पुन्हा सुईकडे वळू शकतो.

युक्रेन, इंडोनेशिया आणि व्हिएतनाममध्ये ५०२ बाधितांवर झालेल्या, २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात काहींना समुपदेशन आणि दोन्ही उपचारांपर्यंत पोहोचवणारा एक सोबती दिला गेला. वर्षभरानंतर त्यांच्यातले ७२ टक्के एआरटीवर होते, नेहमीच्या सेवेत ४३ टक्के. सोबत मिळालेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाणही जवळजवळ निम्मं राहिलं.

भारतात अशा सेवेला कायद्याचा आधार आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याचं कलम २२ सुया पुरवणं आणि पर्यायी औषध देणं यांना गुन्ह्याच्या कक्षेबाहेर ठेवतं. तरी उपचार केंद्राच्या दाराशी पोलीस उभा दिसला तर रुग्ण गल्लीच्या तोंडावरूनच परततो. बाईसाठी तर तिथवर जाणंच बदनामीचं.

मे २०२३ पासून वांशिक हिंसाचाराने मणिपूर दुभंगलं आहे. इंफाळ खोरं आणि चुराचांदपूर यांच्यामध्ये ये-जा करणं अनेकांना जिवावरचं झालं. रोज घ्यायचं औषध अशा वेळी दुसऱ्या जिल्ह्यात असून चालत नाही. २०२० च्या टाळेबंदीत ब्युप्रेनॉर्फिन काही दिवसांसाठी घरी न्यायला दिलं गेलं होतं. स्थिर झालेल्या रुग्णांना ती मुभा कायमची मिळायला हवी आणि सोबत एआरटीची पाकिटंही, त्याच हातून, त्यांच्याच वस्तीत.