दाट पाणी आणि पिवळा डिंक

ऊसतोडणीचा हंगाम आला की कोल्हापूरच्या परिसरात गुऱ्हाळे सुरू होतात. काहिलीत उसाचा रस उकळू लागतो. त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला म्हणजे मळी वर येते आणि ती काढून टाकतात. रस आटत जातो तसतसा दाट होतो. आधी काकवी, मग गूळ. द्रवाच्या वाहण्याला त्याच्याच अंगातून होणारा जो विरोध, त्याला शास्त्रात श्यानता म्हणतात. पाण्याची श्यानता थोडी, काकवीची फार.

साखर विरघळली म्हणजे पाणी दाट का व्हावे? या साध्या प्रश्नाशी एक मोठा वाद निगडित होता. पदार्थ रेणूंचा बनलेला असतो हे विसाव्या शतकाच्या आरंभीही काही थोर शास्त्रज्ञांना मान्य नव्हते. विल्हेल्म ओस्टवाल्ड हे त्यांपैकी एक. जे कोणी पाहिले नाही ते का मानावे, हा सवाल काही अगदीच गैर नव्हता.

१९०५ साली आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी साखरेचे रेणू म्हणजे पाण्यातील चिमुकले गोळे, असे मानून गणित मांडले. हे गोळे पाण्याला दाट करतात आणि स्वतः त्यात हळूहळू पसरतात. या पसरण्याला विसरण म्हणतात. गोळा जितका मोठा, तितके विसरण मंद. श्यानता व विसरण मोजले की रेणूंचा आकार आणि त्यांची संख्या काढता येते.

पॅरिसचे भौतिक रसायनशास्त्रज्ञ झां पेरँ यांनी सूक्ष्मदर्शकातून दिसतील असे गोळेच मिळवले. कोकमाच्या कुळातील एका झाडाचा पिवळा डिंक चित्रकार रंगासाठी वापरीत. तो पाण्यात कालवला की त्याचे बारीक गोल कण होतात. १९०८ च्या सुमारास पेरँ यांनी किलोभर डिंक घेऊन, गरगर फिरणाऱ्या यंत्रात कण निवडत काही महिने घालवले. सारख्या आकाराचे कण हाती आले, ते ग्रॅमभरसुद्धा नव्हते!

पाण्यात हे कण तळाशी दाट व वर विरळ दिसले. तळाजवळ १०० कण, तर ३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ३० सहस्रांश, वर गेल्यावर ४७. आणखी तितकेच वर सुमारे २३, त्याहून वर १२. उंचावर हवा विरळ होते ती याच नियमाने. मात्र हवेचा दाब निम्मा होण्यास सुमारे साडेपाच किलोमीटर चढावे लागते. कणाचे वजन ठाऊक असल्याने या तुलनेवरून रेणूचेही वजन निघाले. ओस्टवाल्ड यांनी १९०९ मध्ये आपला विरोध मागे घेतला.

तरी एक कोडे उरले. ३४२ ग्रॅम साखरेतील रेणूंची संख्या पेरँ यांच्या मोजणीने जवळजवळ ७ वर २३ शून्ये, तर आइन्स्टाइन यांच्या हिशेबाने ४ वर २३ शून्ये एवढीच येई. शंभर भागांत एक भाग कण मिसळले तर श्यानता शेकडा एकाने वाढावी, असे आइन्स्टाइन यांचे सूत्र सांगे. पेरँ यांचे सहकारी बांसलँ यांनी डिंकाचे पाणी मोजून पाहिले, तो वाढ सुमारे चौपट! आइन्स्टाइन यांनी लुडविग होप्फ या तरुणाला आपले गणित तपासावयास सांगितले आणि खरोखरच त्यात चूक सापडली. वाढ शेकडा एक नव्हे, अडीच असावयास हवी होती. १९११ मध्ये आइन्स्टाइन यांनी ही दुरुस्ती छापली. नवी संख्या आली ६.५६, आज ती ६.०२ मानतात, पुढची २३ शून्ये तीच.

पेरँ यांना १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे जर्मनांनी फ्रान्स जिंकल्यावर त्यांना देश सोडावा लागला. १९४२ मध्ये ते न्यूयॉर्कला वारले; १९४८ साली फ्रान्सने त्यांचे अवशेष मायदेशी आणून पॅरिसच्या पँथिऑन या स्मारकात सन्मानाने ठेवले.