गृहवसाहतींचे पुनरुज्जीवन आणि भाडेकरूंचे स्वामित्व : लंडनमधील एक प्रयोग

सार्वजनिक निधीतून उभारलेल्या भाड्याच्या गृहवसाहती जीर्ण झाल्या म्हणजे त्यांचे पुनरुज्जीवन कसे करावयाचे, हा प्रश्न सामान्यतः वित्त व स्थापत्य यांच्या कक्षेतला मानला जातो. रहिवाशांचे मत विचारण्याची प्रथा आता बहुतेक देशांत रूढ झाली आहे. परंतु मत विचारणे आणि निर्णयाचा अधिकार सोपविणे या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद व्यवहारात किती दूरवर परिणाम करतो, हे लंडनमधील वॉल्टरटन व एल्गिन या वसाहतींच्या इतिहासावरून स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या दोन्ही वसाहती वेस्टमिन्स्टर विभागाच्या उत्तर भागात आहेत. वॉल्टरटनमध्ये मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील एका ओळीत बांधलेली जुनी घरे होती. एल्गिनमध्ये १९६० नंतरच्या दशकातील दोन बावीस मजली मनोरे होते. ग्रेटर लंडन कौन्सिलकडून त्या वेस्टमिन्स्टर नगरपालिकेकडे आल्या, तेव्हा दुरुस्तीची कामे फार तुंबलेली होती. १९८५ मध्ये वसाहती खाजगी विकासकांना विकण्याचा नगरपालिकेचा बेत उघड झाला आणि रहिवाशांनी कृतिसमिती स्थापन केली. मनोऱ्यांत अ‍ॅस्बेस्टॉस होते. ते ठाऊक असूनही नगरपालिकेने १९८९ मध्ये तेथे बेघर कुटुंबांची सोय केली. १९९६ च्या चौकशी अहवालाने याबद्दल कठोर ठपका ठेवला. भाडेकरूंच्या दृष्टीने प्रश्न केवळ घराच्या दर्जाचा नव्हता. त्या परिसरात पुढे राहावयास मिळेल की नाही, हाच मूळ प्रश्न होता.

त्यांना मार्ग सापडला तो अनपेक्षित ठिकाणी. थॅचर सरकारच्या १९८८ च्या गृहनिर्माण कायद्यात भाडेकरूंना नवा घरमालक निवडण्याची तरतूद होती. नगरपालिकांच्या हातून घरे काढून ती अन्य घरमालकांकडे सोपविणे, हा तिचा उद्देश होता. मतदानाची रीतही त्यास अनुकूल होती. निदान निम्म्या भाडेकरूंनी प्रतिसाद दिला आणि एकूण भाडेकरूंपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी विरोध नोंदविला नाही, तर हस्तांतर पुढे जाऊ शकत असे. म्हणजे मत न देणारा मनुष्य व्यवहारतः बदलाच्या बाजूस धरला जाई. वॉल्टरटन व एल्गिनच्या रहिवाशांनी हीच तरतूद स्वतःसाठी वापरली. 'वॉल्टरटन अँड एल्गिन कम्युनिटी होम्स' ही आपल्याच नियंत्रणाखालील संस्था स्थापून तिला त्यांनी 'नवा घरमालक' म्हणून उभे केले.

कायद्यातील मूल्यनिर्धारणाची पद्धती येथे निर्णायक ठरली. भाडेकरू राहत असलेल्या घराचे मूल्य म्हणजे त्याच्या भावी भाड्याचे आजचे मोल, वजा आवश्यक दुरुस्तीचा खर्च. वर्षानुवर्षांच्या हेळसांडीमुळे हा खर्च भाड्याच्या मोलाहून मोठा झाला होता. अर्थात मूल्य ऋण होते. अशा स्थितीत घेणाऱ्याने किंमत द्यावयाची नसून देणाऱ्यानेच तूट भरून द्यावयाची असते. १९९१ च्या मतदानात रहिवाशांनी मोठ्या बहुमताने कौल दिला. एप्रिल १९९२ मध्ये ९२१ घरे संस्थेकडे आली आणि दुरुस्तीसाठी नगरपालिकेला १ कोटी ७५ लक्ष पौंड द्यावे लागले. १९९४ मध्ये दोन्ही मनोरे पाडण्यात आले.

स्वामित्व बदलल्याने नेमके काय बदलले? पहिली गोष्ट अशी की, भाड्याचे उत्पन्न त्याच वसाहतीच्या हिशोबात राहिले. दुसरी अशी की, काय दुरुस्त करावयाचे, काय पाडावयाचे व कोणी कोठे जावयाचे, हे ठरविणारे मंडळ रहिवाशांना उत्तरदायी झाले. याउलट, मालकी अन्यत्र असताना होणाऱ्या विचारविनिमयात योजनेची आर्थिक चौकट आधीच ठरलेली असते. रहिवाशांना त्या चौकटीतील तपशिलावर मत देता येते. जुलै २०१८ पासून लंडनच्या महापौरांच्या निधीतून होणाऱ्या मोठ्या पाडकामाच्या योजनांस रहिवाशांचे मतदान आवश्यक करण्यात आले. ही सुधारणा मोलाची खरी. तथापि तीत इतरांनी आखलेल्या योजनेस होकार वा नकार देता येतो, योजना आखण्याचा अधिकार मिळत नाही.

या प्रयोगाच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. ९२१ घरे ही संख्या लहान आहे. सार्वजनिक निधीवाचून केवळ स्वामित्वाने एकही छप्पर दुरुस्त झाले नसते. शिवाय कायदा, हिशोब व स्थापत्य यांतील तज्ज्ञ साह्य मिळवीत वर्षानुवर्षे संघटना टिकविणे फारच थोड्या वसाहतींना साधले. १९९६ च्या गृहनिर्माण कायद्याने ही तरतूदच रद्द केली.

मुंबईचा विचार करता एक साम्य नजरेत भरते. येथील उपकरप्राप्त इमारती खाजगी मालकीच्या असल्याने प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. परंतु जवळजवळ त्याच काळात, १९८६ मध्ये, म्हाडा अधिनियमात प्रकरण आठ-अ समाविष्ट झाले. त्यानुसार ७० टक्के रहिवाशांची सहकारी संस्था मागणी करील तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत संपादन करता येते. घरमालकांनी त्यास आव्हान दिले. त्यातून उद्भवलेला घटनेच्या अनुच्छेद ३९(ख)च्या अर्थाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही, असा निर्णय त्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने दिला. लंडनमध्ये मालक स्वतः शासनसंस्थाच असल्याने स्वामित्वाचे हस्तांतर तुलनेने सुकर होते; मुंबईत त्याची गाठ मालमत्तेच्या हक्काशी पडते.

यास्तव अशा कोणत्याही योजनेचा अभ्यास करताना सभांची संख्या वा प्रश्नावलींचा प्रतिसाद यांवर थांबू नये. जमीन कोणाच्या नावे आहे, दुरुस्तीची तूट कोणी भरावयाची आहे आणि मत न देणाऱ्यांची गणना कोणत्या बाजूस होते, या तीन गोष्टी प्रथम तपासाव्यात. 'लोकसहभाग' या शब्दामागे किती सत्ता आहे, हे त्यांवरून कळते.